हात लावणाऱ्याने नाव लिहावे

मला पहिली नोकरी मिळाली ती काही येत नव्हतं म्हणून. बडोद्याला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडच्या माळ्यावर आमच्या कंपनीचं ऑफिस होतं. खाली यंत्रांचे कंट्रोल पॅनेल जोडायचे आणि वर त्यांचे प्रोग्राम लिहायचे. मुलाखतीला दोघं बसले होते. एक गुजराती शेठ, आणि त्यांच्या शेजारी खिडकीकडे तोंड करून बसलेला पन्नाशीचा, किडकिडीत मराठी माणूस. शेठनी माझं घर कुठे, वडील काय करतात, शाकाहारी आहे का, हे सगळं नीट विचारून घेतलं. मग त्या माणसाने खिडकीबाहेरची नजर न काढता एकच प्रश्न विचारला. युनिक्सवर तुझा सी प्रोग्राम चालू आहे, टायमरचा सिग्नल आला, तर हँडलरमध्ये तू काय काय करशील?

हँडलर म्हणजे काय ते मला परीक्षेपुरतंसुद्धा आठवत नव्हतं. थाप मारायलाही थोडं ज्ञान लागतं, तेही नव्हतं. मी म्हणालो, "काही नाही, सर." तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले आणि शेठना म्हणाले, ह्याला घ्या. माझ्या आधी आलेल्या सगळ्या पोरांनी त्यांना हँडलरमध्ये काय काय करता येईल याची लांबलचक यादी ऐकवली होती, हे मला नंतर कळलं. माझं अज्ञान त्यांना शहाणपण वाटलं. माणसं ओळखण्यात ते किती कच्चे होते याचा पहिला पुरावा मीच.

हे सिग्नलचं प्रकरण आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाफेचा दाब किती झाला, तापमान किती, आता कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, हे आमच्या प्रोग्रामला दर सेकंदाला बघावं लागे. त्यासाठी टायमर लावलेला असतो. सेकंद भरला की तो प्रोग्रामच्या खांद्यावर टपली मारतो, तो सिग्नल. प्रोग्राम त्या वेळी कशातही गुंतलेला असो, त्याला हातातलं तसंच टाकून हँडलर नावाच्या एका छोट्या तुकड्यात जावं लागतं आणि तिथलं उरकून पुन्हा होता तिथे यावं लागतं. धोका आहे तो हातातलं तसंच टाकण्यात. म्हणून त्या माणसाचा, म्हणजे आमच्या सरांचा, नियम असा, की हँडलरने फक्त एक खूण करायची, शून्याचा एक करायचा, आणि परत फिरायचं. मुख्य प्रोग्राम हातचं काम नीट खाली ठेवेल, मग खूण बघेल आणि जे करायचं ते करेल. हँडलरमध्ये काही छापायचं नाही, मेमरी मागायची नाही, किती वाजले तेसुद्धा विचारायचं नाही.

मला हे सोवळं पटेना. एक ओळ छापली तर काय बिघडतं, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, तू संडासात आतून कडी लावून बसला आहेस. तेवढ्यात टायमर वाजला. आता तू बाहेर उभा आहेस आणि तुला संडासात जायचंय. ठोठाव, आतला कधी उघडेल? मी म्हणालो, आत तर मीच आहे. "मग बस ठोठावत," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. पुढचं मी हळूहळू स्वतःच समजून घेतलं. काही कामं करताना प्रोग्राम आतून कडी लावून घेतो, तारीख-वेळ विचारणं हे त्यातलंच एक. नेमक्या त्या क्षणी सिग्नल आला आणि हँडलरनेही तेच काम काढलं, तर तो स्वतःच्याच दारात स्वतःची वाट बघत उभा राहतो. रोज होत नाही. कधीतरी, काही महिन्यांतून एकदा होतं, आणि म्हणून कोणाला खरं वाटत नाही.

हे उदाहरण ते कोणासमोरही द्यायचे. ऑफिसातल्या दोन्ही बायका त्यामुळे आमच्या बाजूला फिरकत नसत. शेठच्या मेव्हण्यालाही त्यांनी ते त्याच्या जेवणाच्या डब्यासमोर ऐकवलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर त्यांना कोणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण जो नियम प्रोग्रामला, तोच त्यांनी स्वतःला लावून घेतला होता. त्यांच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात ठोकलेला एक उभा खिळा होता. कोणी हाक मारली की ते वळायचे नाहीत. डावा तळहात वर करायचे, उजव्या हाताने कागदाच्या कपट्यावर तुमचं नाव लिहायचे, कपटा खिळ्यात खुपसायचे आणि हातातलं काम पुढे चालू. काम एका जागी आलं की कपटे काढून ज्याच्या त्याच्याकडे जायचे. चार वेळा हाक मारली तरी कपटा एकच. शेठनी एकदा सकाळपासून चार निरनिराळ्या कामांसाठी चारदा बोलावलं. हे दुपारी एकदाच गेले, पहिलं काम ऐकून घेतलं आणि परत आले. बाकीच्या तीन कामांचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, सिग्नल साठत नसतात. खालची गुजराती पोरं त्यांना चिठ्ठीसाहेब म्हणायची. तोंडावर नाही.

त्यांचं बालपण प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं होतं. वडील वर्कशॉपमध्ये फिटर. सुट्टीचा भोंगा झाला की माणसं होतं तिथे हात सोडून निघायची, आणि एकदा कोणीतरी तसंच हात सोडल्यामुळे साखळीला टांगलेलं धूड खाली आलं. वडील थोडक्यात वाचले. तेव्हापासून घरातला कायदा असा, की भोंगा ऐकायचा, पण आधी हातातलं खाली टेकवायचं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं नसताना, दोन प्रोग्राम छापून होईपर्यंत वेळ होता म्हणून. बाकी त्यांनी स्वतःबद्दल कधी काही सांगितलं नाही आणि माझ्याबद्दल कधी काही विचारलं नाही. नऊ वर्षं शेजारी बसलो. माझ्या मुलीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

चांगला शिक्षक म्हणून लोक त्यांची आठवण काढतात तेव्हा मला हसू येतं. ते शिकवायचे नाहीत, झोडपायचे. एका शिकाऊ मुलीने एकाच प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी अलार्म लावला होता. दुसरा लावला की पहिला पुसला जातो, हे तिला माहीत नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या घरात किती नवरे? तिचं लग्न व्हायचं होतं. ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि पुढच्या महिन्यात सोडून गेली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या मते प्रोग्राम सुधारला होता, विषय संपला होता.

पण लोकांच्या मनातून ते खरे उतरले ते वेगळ्याच दिवशी. दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. फोन मीच घेतला. त्यांच्या बायको न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, उठता येत नव्हतं. मी धावत त्यांच्या टेबलाशी गेलो आणि सांगितलं. त्यांनी डावा हात वर केला. कपट्यावर लिहिलं, 'घर'. खिळ्यात खुपसलं. आणि वीस मिनिटं ते टाइप करत राहिले. मी मागे उभा होतो, दोन्ही बायका उभ्या होत्या, खालचा वॉचमनसुद्धा जिन्यात येऊन उभा राहिला होता. वीस मिनिटांनी त्यांनी फाईल बंद केली, कपटा काढून खिशात ठेवला आणि सायकल घेऊन गेले. बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी न राहवून विचारलं, की काल लगेच का नाही गेलात. ते म्हणाले, शेजारी होते तिथे, गाडी बोलावलेली होती, माझ्या वीस मिनिटांनी काय बदललं असतं? बरोबर होतं ते. हिशेबाने अगदी बरोबर. मला त्या क्षणी त्यांची इतकी चीड आली, की ती मी जपून ठेवली. पुढे ती माझ्या फार उपयोगी पडली.

त्यांनी पाडलेली आणखी एक रीत होती. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर त्यांनी एक ओळ लिहून ठेवलेली असे: हात लावणाऱ्याने खाली नाव लिहावे. आमच्याकडे सगळे एकाच नावाने कॉम्प्युटर उघडायचे, फायली एकाच फोल्डरमध्ये पडलेल्या असायच्या, त्यामुळे कोणी काय बदललं ते कळायचा हा एवढाच मार्ग होता. एक अक्षर बदललं तरी नाव लिहायचं. लोक लिहायचेही. इतर फायलींवर नावांची रांग असे. हँडलरच्या फाईलवर मात्र एकच नाव होतं, त्यांचं, कारण तिला दुसऱ्या कोणी हात लावायचाच नसे.

पादरा गावाच्या बाजूला दवाखान्यांसाठी गॉज आणि पट्ट्या तयार करणारा एक कारखाना आमचा ग्राहक होता. तिथलं ऑटोक्लेव्ह आमच्या प्रोग्रामवर चालायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे पट्ट्या निर्जंतुक करायचा भला मोठा कुकरच, पुढे मोठं चाक फिरवून आवळायचं दार. आत दोन-तीनदा वाफ भरतात, दोन-तीनदा सोडतात, मगच दार उघडायचं. त्या कारखान्याला तपासणीवाल्यांनी सांगितलं, की प्रत्येक सेकंदाचा दाब अचूक वेळेसकट फाईलमध्ये लिहिलेला दिसला पाहिजे. शेठनी हे मला सांगितलं तेव्हा सर रजेवर होते. बायकोच्या खुब्याचं दुसरं ऑपरेशन होतं. शेठ म्हणाले, त्यांना कशाला त्रास द्यायचा, तूच कर, सोमवारपर्यंत पाहिजे.

मी आधी नियमाप्रमाणे केलं. हँडलरने खूण करायची आणि मुख्य प्रोग्रामने आकडा लिहायचा. पण मुख्य प्रोग्राम पडदा रंगवण्यात गुंतला की उशीर करायचा आणि मधले सेकंद गळायचे. नीट करायचं तर पडदा रंगवायची पद्धतच बदलावी लागली असती, चार-पाच दिवसांचं काम. मग मी ती ओळ सरळ हँडलरमध्ये टाकली. वेळ विचार, आकडा लिही. एकही सेकंद गळेना. किती सुरेख दिसत होती ती फाईल. आणि तीच वेळ मुख्य प्रोग्रामही पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळासाठी विचारत होता, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कोणाला सांगितलं तर ते खोटं आहे. होतं माहीत. कधीतरी एकदा होतं ना, मग बघू, असं मी स्वतःला सांगितलं. नाव लिहायला कर्सर वर नेला आणि थांबलो. नाव लिहिलं असतं तर ते आल्या आल्या त्यांना दिसलं असतं. मी फाईल तशीच बंद केली.

ते रजेवरून आले. ती फाईल उघडायचं त्यांना काही कारण नव्हतं, कारण तिच्यात काही बदलत नसे. महिने गेले. कारखान्याची तपासणी झकास पार पडली, शेठनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. सरांनी विचारलंसुद्धा, की सेकंदासेकंदाच्या नोंदीचा लॉग कसा केलास. मी म्हणालो, मुख्य प्रोग्राममधून. ते हं म्हणाले. त्यांना माझ्यावर शंका घ्यायला सुचलं नाही.

उन्हाळ्यात एके सकाळी ते ऑटोक्लेव्ह गोठलं. म्हणजे प्रोग्राम गोठला. एकदा वाफ सोडून झाली होती, दाब शून्यावर आला होता, पुन्हा वाफ भरायचा व्हॉल्व्ह उघडलेला होता, आणि नेमक्या त्या सेकंदाला प्रोग्राम आपल्याच दारात अडकला. आत वाफ भरत राहिली. पडद्यावर शून्य तसंच राहिलं. दारावरचा काट्याचा गेज बंद पडलेला होता आणि कारखान्याने तो कधीपासून बदललेला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळही थांबलं होतं, पण ऑपरेटरने घड्याळ कशाला बघावं? त्याने बराच वेळ शून्य बघितलं, माल तयार झाला असं समजून चाक फिरवलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, आणि चेहऱ्याची एक बाजू.

दोन दिवसांनी कारखान्याचा इंजिनियर आमच्याकडे आला. शेठच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. सरांनी हँडलरची फाईल पडद्यावर उघडली. त्यांना दोन मिनिटं लागली. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्या ओळीशी ते थांबले, एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग काय झालं असेल ते त्यांनी इंजिनियरला सरळ सांगितलं, संडास वगैरे न काढता. इंजिनियरने मान हलवली. शेठनी विचारलं, "आ लाइन कोनी छे?"

शेठना चांगलं माहीत होतं ती कोणाची. त्यांनीच मला सांगितलं होतं, त्यांनीच शाबासकी दिली होती. पण विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि ते बघत नाहीत यावरूनच मला सगळं समजलं. इंजिनियरला परत जाताना एक नाव घेऊन जायचं होतं. साठीला आलेला, सगळ्यांशी भांडून बसलेला, दोन वर्षांत तसाही जाणारा माणूस समोर होता. मी पस्तिशीचा होतो, पुढच्या सगळ्या ऑर्डरी मी सांभाळणार होतो.

"माझी नाही," सर म्हणाले.

इंजिनियरने पडद्यावर वरच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे त्यांचं नाव होतं, आणि खाली कोणाचंही नव्हतं. सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि थांबले. रागाने नाही. मी बोलेन म्हणून थांबले होते. हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी कोणासाठी इतकं थांबलेलं मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. शेठनी मला विचारलं, "तने कंई खबर छे?" आणि मी म्हणालो, "ना शेठ, खबर नथी." त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे न्हाणीघरात पडलेल्या बाई होत्या आणि ती वीस मिनिटं होती. असल्या माणसाला काय वाटणार आहे, असं मी मनाशी म्हटलं. म्हणून म्हणतो, ती चीड उपयोगी पडली.

आपण रजेवर होतो, हे ते सांगू शकले असते. लॉगचं काम कोणाला दिलं होतं, हे शेठना विचारू शकले असते. त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली, म्हणजे त्यांना सोडायला लावली. जाताना टेबल पुसून गेले. त्यांची खुर्ची मला मिळाली. ती ओळ मी त्याच दिवशी काढली आणि पडदा रंगवायची पद्धत बदलली. त्याला चार दिवस लागले.

आता नव्या पोरांना हँडलरचे धडे मी देतो. फक्त खूण कर आणि परत फीर, असं मी घसा खरवडून सांगतो. संडासाचं उदाहरण मी देत नाही, मी सभ्य आहे. पोरं म्हणतात, सर किती छान समजावतात. शेठ पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणतात, हमारे यहां सेफ्टी ये देखते हैं. पहिल्या दोन-तीन वेळा मला शरम वाटली. मग वाटेनाशी झाली, आणि तेव्हा मी घाबरलो.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. प्रतापनगरच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या. दार त्यांच्या बायकोने उघडलं, वॉकर धरून. मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, या ने, बसा, हे बाहेर गेलेत, अकराच्या बसने येतील. त्यांनी मला चहा दिला आणि माझ्या मुलीची चौकशी केली, नाव घेऊन. नाव कसं ठाऊक, म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, हे सांगायचे की, तुमच्या टेबलावर तिचा फोटो होता ने. मी कप खाली ठेवला.

ते आले. हातात भाजीची पिशवी होती. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, आनंदही झाला नाही. पिशवी आत ठेवून, हात धुऊन समोर बसले. मी महिनाभर जुळवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. ओळ माझी होती, मला धोका माहीत होता, नाव मुद्दाम लिहिलं नाही, शेठसमोर खोटं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"स्वल्पविरामानंतर दोन जागा सोडतोस तू," ते म्हणाले. "मला त्याच दिवशी दिसलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू तिथेच बसला होतास की."

मी म्हणालो, सर, मला माफ करा. ते जरा वैतागले. चुकीच्या फाईलमध्ये कोणी चुकीची दुरुस्ती करत बसला की वैतागायचे, तसे.

"माझ्याकडे कशाला आलास? माझे हात धड आहेत."

मग त्यांनी सांगितलं. ते पादऱ्याहूनच येत होते. महिन्यातून एका रविवारी जात असत, नोकरी सुटल्यापासून. त्या ऑपरेटरला कारखान्याने सांगितलं होतं, की चूक तुझीच, घाईने दार उघडलंस. तो ते खरं धरून बसला होता. आपल्याच चुकीने आपले हात गेले, असं बायकोमुलांना सांगत होता. सर पहिल्यांदा गेले ते त्याला एवढंच सांगायला, की पडदा खोटं बोलत होता, तू नाही चुकलास. त्याला काही पटेना. म्हणून ते पुन्हा गेले. मग जातच राहिले. त्याच्या शर्टाची बटणं काढून तिथे वेल्क्रोच्या पट्ट्या लावायची कल्पना यांचीच. बाईंनी शिवून दिल्या होत्या. हे सगळं सांगताना त्यांच्या आवाजात कुठे दया नव्हती, माझ्याबद्दलही नाही आणि त्याच्याबद्दलही नाही.

"रमणभाई नाव त्याचं," ते म्हणाले. "तुला माहीत नसेल."

मला माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी कोणाला विचारलंही नव्हतं.

"त्याने विचारलं, ती ओळ कोणी लिहिली. मी म्हटलं, तो येईल आणि स्वतः सांगेल. आता दर खेपेला विचारतो, पेला भाई आव्या? ते भाई आले का, म्हणून. मी सांगतो, अजून नाही." त्यांनी कागदावर पत्ता लिहून दिला. "कोणी लिहिली ते माझ्याकडून ऐकून त्याला काय उपयोग? माझं तर तो सगळंच ऐकतो, म्हातारा येतो म्हणून. ज्याने केलं त्याने सांगितलं तर त्याला पटेल, की आपली चूक नव्हती."

मी म्हणालो, जातो. पुढच्याच रविवारी जातो. खरंच जाणार होतो. त्या रविवारी मुलीची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी काहीतरी होतं. पत्ता पाकिटात होता, मग पाकीट बदललं तेव्हा नव्या पाकिटात ठेवला. एकदा पादऱ्याच्या बसमध्ये चढलो आणि गावाच्या अलीकडे उतरलो. दोन वर्षं मी असं काढलं. सरांना फोन केला नाही, कारण त्यांनी एकच गोष्ट विचारली असती.

यंदा जानेवारीत ते गेले. झोपेतच गेले म्हणतात. बडोद्यात आम्ही मराठी लोकही आता बेसणं ठेवतो. पांढरे कपडे घालून तासभर येऊन बसायचं, फोटोला फूल वाहायचं, हात जोडून निघायचं. त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बेसणं होतं. माणसं थोडी होती. शेठनी हार पाठवला होता, स्वतः आले नव्हते. मी मागच्या सतरंजीवर बसलो. थोड्या वेळाने एक माणूस आला. माझ्याच वयाचा असेल. धुवट पांढरा शर्ट, एका गालाची कातडी ताणलेली आणि चकचकीत. त्याने फूल उचलायचा प्रयत्न केला, बोटं मिटेनात, तेव्हा दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून ते फोटोसमोर ठेवलं. बाईंशी दोन शब्द बोलला. मग जागा बघत मागे आला आणि माझ्या शेजारी बसला.

मी समोर बघत राहिलो. उठून जाता आलं असतं, गेलो नाही. त्यानेच हळू आवाजात विचारलं, "तमे साहेब साथे काम करता'ता?"

मी हो म्हणालो.

तो थोडा सरकून बसला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. एखाद्या ओळखीच्या माणसाचा पत्ता विचारावा इतक्या साधेपणाने त्याने विचारलं, "तो पेला भाईने ओळखता हशो?"

"ना," मी म्हणालो.

त्याने समजल्यासारखी मान हलवली. बसची वेळ झाली असं काहीसं म्हणत उठला. जाताना त्याने मला हात जोडले, जितके जुळत होते तितके.